अंध विद्यार्थ्यांसाठीच्या वाचक सॉफ्टवेअरला कुठलं लायसन्स लावावं? एमआयटी, जीपीएल, एजीपीएल सगळंच एकत्र आलंय

पाटीपेन्सिल

मंडळी, प्रश्न जरा किचकट आहे म्हणून आधी पार्श्वभूमी सांगतो. आम्ही नाशकातले काहीजण (कॉलेजची पोरं, एकदोन नोकरदार आणि एक निवृत्त ग्रंथपाल मॅडम) मिळून अंध आणि कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक सॉफ्टवेअर करतोय. मराठी पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ टाकायची, ते पानं सुटी करतं, ओसीआर करतं (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवतं), चुका बऱ्यापैकी दुरुस्त करतं आणि वाचून दाखवतं किंवा मोठ्या अक्षरात छापून देतं. सगळं पायथनमध्ये आहे. ओसीआरला टेसरॅक्ट, पीडीएफची पानं चित्रं म्हणून काढायला पायम्यूपीडीएफ, आवाजाला ईस्पीक एनजी, स्पेलिंग दुरुस्तीची शब्दयादी मराठी विक्शनरीतून घेतलीय आणि छपाईला मुक्ता फॉन्ट.

रेपोत (कोड ठेवायच्या जागेत) सुरुवातीपासून एमआयटी लायसन्सची फाइल आहे, म्हणजे आमचं नाव ठेवून कोणीही काहीही करा. आता एका संस्थेला हे त्यांच्या शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये टाकायचंय आणि नंतर वेबसाइटवरूनही द्यायचंय, त्यांच्या माणसाने विचारलं की आत काय काय वापरलंय आणि त्या सगळ्याची लायसन्स एकमेकांना चालतात का, लेखी द्या. तिथून ग्रुपवर जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. एकजण म्हणतो एमआयटी आहे ते राहू दे, मॅडम म्हणतात कुणी विकू शकणार नाही असं काहीतरी लावा, तिसरा म्हणतो जीपीएल (वाटायचं तर सोर्स म्हणजे मूळ कोडही त्याच अटींवर द्या, असं म्हणणारं) लावलं की विषय संपला. त्यात ज्या मुलाने पान सरळ करायचा आणि डाग काढायचा कोड लिहिला तो आता नोकरीला लागलाय आणि मेसेजला उत्तरच देत नाही, म्हणजे लायसन्स बदलायचं झालं तर त्याची परवानगी कुठून आणायची हेही आहेच. जाणकारांनी जरा उजेड पाडा.

अर्धविराम

आधी आपलं लायसन्स ठरवायचं आणि मग बाकीच्यांशी जुळतंय का बघायचं असं बहुतेकजण करतात, तुमचा ग्रुपही तेच करतोय. उलट करा. तुम्ही जे आत घेतलंय त्यातलं सगळ्यात कडक काय आहे ते बघा, तुम्हाला निवडायला काय उरलंय ते तिथेच कळतं.

तुमच्याकडे काय आहे बघू. टेसरॅक्ट अपाची २.०, ते कुणालाही फारसा त्रास देत नाही, फक्त एक अट, जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीशी त्याचं जमत नाही. अपाचीमध्ये पेटंटबद्दल जी कलमं आहेत ती जीपीएल २ च्या दृष्टीने जादा अटी ठरतात. २००७ साली जीपीएल ३ आलं तेव्हा ही अडचण मुद्दाम काढली गेली. ईस्पीक एनजी जीपीएल ३ किंवा पुढचं. म्हणजे जीपीएल २ चा विषय तुमच्यासाठी इथेच संपला. आणि पायम्यूपीडीएफ हे एजीपीएल ३ आहे, म्हणजे जीपीएलच पण वेबवरून वापरू दिलं तरी लागू होणारं (किंवा पैसे भरून त्यांच्या कंपनीकडून वेगळं लायसन्स घ्या), ते या सगळ्यात कडक. तुमच्या भांडणात त्याचं नावच नाहीये आणि खरी मेख तिथेच आहे.

आता तुमच्या एमआयटीचं काय. तुमच्या स्वतःच्या फाइलींवर एमआयटी असणं चूक नाही, ती तशीच राहू शकते. पण तुम्ही ईस्पीकची लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅममध्येच लोड करत असाल आणि सगळं मिळून एक इन्स्टॉलर बनवून संस्थेला देत असाल, तर तो जो एकत्र गठ्ठा आहे तो जीपीएलच्या अटींवरच द्यावा लागतो, आणि पायम्यूपीडीएफ आत असेल तर एजीपीएलच्या अटीही पाळाव्या लागतात. रीडमीमध्ये नुसतं एमआयटी लिहून तो इन्स्टॉलर वाटला तर घेणाऱ्याची दिशाभूल होते. संस्थेच्या माणसाने विचारलं ते अगदी रास्त विचारलंय, असा माणूस भेटला तर चहा पाजा त्याला.

आणि हो, यादी हाताने करू नका. पिप-लायसन्सेस नावाचं छोटंसं टूल आहे, ते तुमच्या एन्व्हायर्नमेंटमधल्या प्रत्येक पॅकेजचं लायसन्स काढून देतं. तुम्ही थेट जे इन्स्टॉल केलं त्याच्या पोटात आणखी काय काय आलंय ते त्यात दिसतं. पॅकेज बनवणाऱ्याने लायसन्सचा रकाना रिकामा सोडला असेल तिथे मात्र त्याच्या रेपोत जाऊन बघावं लागतं. आणि ईस्पीक, टेसरॅक्टसारखे जे भाग सिस्टिममध्ये वेगळे टाकलेत ते त्या यादीत येणारच नाहीत, ते हातानेच लिहा.

बिनधास्त_बंड्या

एवढं कोण बघतंय राव, नाशकातल्या अंध मुलांच्या सॉफ्टवेअरवर कोण केस टाकायला बसलंय. एमआयटी ठेवा आणि कामाला लागा.

हापूस_देवगडचा

बंड्याभाऊ, पायम्यूपीडीएफ ज्यांचं आहे ती आर्टिफेक्स कंपनी, घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ सॉफ्टवेअरवाली तीच. तिने २०१६ च्या डिसेंबरात हॅनकॉम या कोरियन ऑफिस सॉफ्टवेअरवाल्यांवर अमेरिकेत कॅलिफोर्नियात केस टाकली होती, घोस्टस्क्रिप्ट आत घालून सोर्स दिला नाही म्हणून. २०१७ मध्ये कोर्टाने हॅनकॉमची केस काढून टाकायची मागणी फेटाळली आणि जीपीएल मोडणं हा करारभंगाचाही दावा होऊ शकतो हे मान्य केलं, मग त्यांची तडजोड झाली. आता ते नाशकात येणार नाहीत हे मलाही माहितीय. पण उद्या ही संस्था कुठे अनुदानाला गेली, किंवा एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून पैसे आले, की त्यांचा लीगलवाला पहिला कागद हाच मागतो आणि तिथे घोडं अडतं. केसची भीती सोडा, काम अडकतं हे जास्त खरं आहे.

पाटीपेन्सिल

अर्धविराम, धन्यवाद, बरंच डोक्यात शिरलं. पायम्यूपीडीएफ आम्ही फक्त पानाचं चित्र काढायला वापरतोय, बाकी काही नाही. ते काढून टाकलं तर?

अर्धविराम

फक्त तेवढंच असेल तर खुशाल काढा. पायपीडीएफियम२ नावाचं आहे, आत गुगलचं पीडीएफियम, लायसन्स अपाची किंवा बीएसडी, पान उघडून त्याचं चित्र काढणं हे काम ते नीट करतं. कोडमध्ये तुमचा तेवढा एक भाग बदलेल. पॉपलरकडे जाऊ नका असं नाही, पण तेही जीपीएल आहे, तेव्हा लायसन्ससाठीच बदलत असाल तर त्याचा उपयोग नाही.

ईस्पीकबद्दल वेगळा पर्याय आहे. लायब्ररी आत लोड न करता, जसं आपण टर्मिनलवर कमांड देतो तसं ईस्पीकचा स्वतंत्र प्रोग्रॅम बाहेरून चालवायचा, त्याला मजकूर द्यायचा आणि आवाजाची फाइल परत घ्यायची. अशा वेळी दोन वेगळे प्रोग्रॅम शेजारी शेजारी आहेत असं साधारण मानलं जातं, जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचंही म्हणणं ढोबळमानाने तसंच आहे. मग तुमचा कोड एमआयटी राहू शकतो आणि ईस्पीक त्याच्या जीपीएलवर, त्याचा सोर्स कुठे मिळेल ते सांगायची जबाबदारी मात्र राहते. पण नुसतं लायसन्स टाळायला म्हणून असली कसरत करू नका. वाचताना प्रत्येक वाक्याला नवीन प्रोग्रॅम सुरू करायचा म्हणजे मध्ये अडखळणार, आणि ऐकणाऱ्याला ते फार लागतं. जी मुलं ईस्पीकचा वेग दुप्पट-तिप्पट करून ऐकतात त्यांना विचारा.

मोडीवाली

मी पाटीपेन्सिलच्या मॅडमच्या बाजूने बोलते. आम्हीही एका ग्रंथालयासाठी असंच काहीतरी केलं होतं आणि एका दुकानदाराने ते सीडीवर घालून विकलं, वर आमचं नाव पण काढून टाकलं. फुकट राबायचं आपण आणि गल्ला भरायचा दुसऱ्याने. क्रिएटिव्ह कॉमन्सचं ते नॉन-कमर्शियल का लावू नये? त्यांच्या मनातलं तेच तर आहे.

फ्रँकफर्टचा_जोशी

मोडीवालीताई, राग समजतो पण नॉन-कमर्शियल लावलंत तर सगळ्यात आधी तुमचीच माणसं अडकतील. एखादी ट्रस्ट पेनड्राइव्हवर पुस्तकं भरून पन्नास रुपये घेते, ते कमर्शियल का? शाळा फी घेते, ती कमर्शियल का? शहरातल्या एखाद्या मुलाने हे वापरून घरोघरी जाऊन सेटअप करून देण्याचं छोटं काम सुरू केलं तर? प्रत्येकाला तुम्हाला विचारावं लागणार आणि तुम्ही उत्तर देईपर्यंत तो दुसरं काहीतरी शोधणार. शिवाय त्याला ओपन सोर्स म्हणताच येत नाही, ओपन सोर्सच्या व्याख्येतला सहावा मुद्दाच हा आहे की कुठल्याही कामासाठी वापरायला बंदी नको. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), एफ-ड्रॉइड (ओपन सोर्स ॲपचं दुकान) यांच्या दारातून ते आत जाणार नाही. आणि पाटीपेन्सिल यांच्या केसमध्ये तर ते चालतच नाही, ईस्पीकचं जीपीएल जादा अटी लावू देत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सवाले स्वतःच सांगतात की आमची लायसन्स सॉफ्टवेअरला लावू नका.

तुमच्या दुकानदाराने नाव काढलं म्हणताय, तर ते एमआयटीतसुद्धा चालत नाही, कॉपीराइटची ओळ ठेवावीच लागते, म्हणजे तुमच्याकडे तेव्हाही हत्यार होतं. जीपीएल असतं तर त्याला विकायला आडकाठी नव्हती पण सोर्सही त्याच अटींवर द्यावा लागला असता, मग त्याच्याकडून घेणारा पहिलाच माणूस तो फुकट वाटू शकला असता. विकण्यात दम राहत नाही मग. आपल्या मुंबईच्या फ्रॅपेवाल्यांचंच बघा, फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी आणि त्यावर बांधलेलं ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३. त्यावर कितीतरी लोक इन्स्टॉल करून देणं, सपोर्ट देणं याचे पैसे घेतात, कोणी कोणाचं तोंड दाबत नाही.

नोकरीला लागलेल्या मुलाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो. त्याची परवानगी तुम्हाला लागत नाही! त्याने कोड एमआयटीखाली दिलाय (रेपोत तेव्हा एमआयटीची फाइल होती हे कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलांच्या, इतिहासात दिसतं ना?), आणि एमआयटी तो कोड जीपीएलच्या मोठ्या कामात घालायला परवानगी देतंच, फक्त त्याची कॉपीराइटची ओळ आणि एमआयटीचा मजकूर तिथे ठेवा. कडक दिशेने जायला वाट मोकळी असते, परत यायला नसते. उद्या जीपीएलखाली सगळ्यांनी कोड टाकल्यावर पुन्हा एमआयटी करावंसं वाटलं तर मात्र प्रत्येकाच्या दारात जावं लागेल. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवाल्यांनी ते केलंय. त्यांचं मुख्य इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर (त्याच्याहून जरा सैल) न्यायला २०११-१२ मध्ये जुन्या जुन्या लोकांना शोधून काढून एकेकाची परवानगी घेतली, काहींचा ईमेलसुद्धा बंद झालेला. आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशाचं तर याहून भारी, त्यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सवरून ओडीबीएल या डेटाच्या लायसन्सवर उडी मारली तेव्हा ज्यांनी होकार दिला नाही त्यांनी काढलेले रस्ते नकाशातून पुसले आणि बाकीच्यांनी ते पुन्हा काढले. तेव्हा आत्ताच, माणसं कमी आहेत तोवर, ठरवून टाका.

काळा_कोट

वकील आहे पण ही फी न घेतलेली बडबड समजा. नोकरीला लागलेला मुलगा, त्याबद्दल एक शेपूट जोडतो. त्याने कोड नोकरीच्या आधी लिहिला असेल तर काळजी नाही. नोकरी लागल्यावर, नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनी असते, कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७(सी), वेगळा करार नसेल तर. आणि कंपन्यांच्या ऑफर लेटरमध्ये त्याहून रुंद वाक्यं असतात, सुट्टीच्या दिवशी केलेलंसुद्धा आमचं वगैरे. तुमच्या ग्रुपमधले जे आत्ता नोकरदार आहेत त्यांनी मॅनेजरकडून एक साधी ईमेल घेऊन ठेवावी, की हे काम याचं स्वतःचं आहे आणि आमची हरकत नाही.

दुसरं, असल्या ग्रुपमध्ये कोणीतरी सुचवतंच की सगळ्यांचा कॉपीराइट संस्थेच्या नावे लिहून घेऊया. घाईत करू नका. कलम १९ प्रमाणे असाइनमेंटला मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरती. नेटवरून उतरवलेला परदेशी नमुना नावं बदलून सही केला की असलं होतं. त्यापेक्षा लिनक्स कर्नलवाले २००४ पासून जे करतात ते सोपं, प्रत्येक कमिटखाली साइन्ड-ऑफ-बाय ओळ. हा कोड माझा आहे किंवा मला देण्याचा हक्क आहे आणि तो प्रोजेक्टच्या लायसन्सखाली देतोय एवढं त्यातून म्हटलं जातं, मालकी ज्याची त्याच्याकडेच राहते. गिटमध्ये कमिट करताना एक मायनस एस लावला की ती ओळ आपोआप येते.

अवांतर: पुस्तकांचा कॉपीराइट हा वेगळाच विषय आहे, त्यात हे लायसन्स मदतीला येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ५२(१)(झेडबी) आलंय, दिव्यांग व्यक्तींसाठी त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक आणायला ते परवानगी देतं, ना-नफा तत्त्वावर. मराकेश करार (अंधांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय करार) मंजूर करणारा पहिला देशही भारतच, २०१४ साली. संस्थेच्या माणसाला हेही लिहून द्या, तो पुढचा प्रश्न हाच विचारणार.

पाटीपेन्सिल

वा, इतकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ग्रुपवर हा धागा टाकला, मॅडमना ओपनस्ट्रीटमॅपचं आणि पेनड्राइव्हचं पटलंय, पेनड्राइव्हचं तर फारच, कारण त्या स्वतः त्यांच्या जुन्या वाचनालयात तेच करतात. आता आमचं असं ठरतंय की पायम्यूपीडीएफ काढायचं, ईस्पीक आतच ठेवायचं आणि पूर्ण प्रोजेक्ट जीपीएल ३ किंवा पुढचं. तीन गोष्टी राहिल्या. वेबसाइटवरून द्यायचं तेव्हा एजीपीएल घेतलं तर बरं का? विक्शनरीची शब्दयादी कुठे बसते? आणि एका पोराने मेटाचं एमएमएस आवाजाचं मॉडेल लावून बघितलंय, आवाज ईस्पीकपेक्षा पुष्कळ माणसासारखा आहे, ते आत घालावं का?

अर्धविराम

शेवटून सुरू करते. एमएमएसचे वेट्स (मॉडेल शिकून जे आकडे तयार करतं ते) सीसी बाय-एनसी ४.० वर आहेत, नॉन-कमर्शियल, वर जोशींनी सांगितलेली सगळी रड तिथे लागू. इन्स्टॉलरमध्ये घालू नका. ज्याला हवं त्याने स्वतः उतरवून जोडावं अशी सोय ठेवा आणि तिथे स्पष्ट लिहा. मॉडेलच्या बाबतीत कोडचं लायसन्स एक आणि वेट्सचं दुसरं असं सर्रास असतं, लोक फक्त कोडचं बघतात.

वेबबद्दल, जीपीएलची अट कॉपी वाटली की लागू होते, सर्व्हरवर चालवून नुसतं वापरायला दिलं तर होत नाही. म्हणजे कोणी तुमचा कोड घेऊन सुधारून वेबसाइट उघडली आणि सुधारणा स्वतःकडेच ठेवल्या तरी जीपीएलखाली तुम्ही काही म्हणू शकत नाही. एजीपीएल ३ मध्ये कलम १३ नेमकं त्यासाठी आहे, सुधारलेली आवृत्ती नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळाला पाहिजे. जीपीएल ३ आणि एजीपीएल ३ एकमेकांशी जोडायला दोन्हींत मुद्दाम परवानगी आहे, म्हणून ईस्पीकशी भांडण नाही. माझं मत विचाराल तर तुमचं वेब हेच मुख्य होणार असेल तर एजीपीएलच घ्या. आणि तसं ठरलं तर मग पायम्यूपीडीएफ काढायचा लायसन्सपुरता तरी आग्रह उरत नाही, हेही लक्षात घ्या. तोटा एवढाच की बऱ्याच मोठ्या कंपन्यांमध्ये एजीपीएलला सरसकट बंदी असते, म्हणजे तिथल्या नोकरदारांना तुमच्या प्रोजेक्टवर काम करायला परवानगी मिळणं जड जातं. तुमच्या ग्रुपमधल्या नोकरदारांना आधी विचारा.

फ्रँकफर्टचा_जोशी

मी जीपीएलच म्हणेन. वेबवाला चोर येईल तेव्हा बघू, आत्ता माणसं जोडणं जास्त गरजेचं.

अर्धविराम

मान्य नाही, पण ठीक आहे, त्यांचा त्यांना निर्णय घेऊ दे. आयफोनवर न्यायचा विचार असेल तर मात्र दोन्हींचा विचार करा, २०११ च्या जानेवारीत व्हीएलसी ॲपलच्या ॲप स्टोअरवरून उतरवलं गेलं ते जीपीएल आणि स्टोअरच्या अटी जुळत नाहीत ही त्यांच्याच एका डेव्हलपरची तक्रार होती म्हणून.

राहिली शब्दयादी. विकिमीडियाचे प्रकल्प २०२३ पासून सीसी बाय-एसए ४.० वर आहेत (श्रेय द्या आणि बदल त्याच अटींवर द्या), आणि ते लायसन्स जीपीएल ३ मध्ये एकाच दिशेने नेता येतं असं क्रिएटिव्ह कॉमन्सने ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केलंय. पण गोम अशी की ती परवानगी आवृत्ती ३ पुरती आहे आणि तुम्ही लिहिणार ३ किंवा पुढचं. म्हणून कोडमध्ये मिसळूच नका. डेटा नावाचं वेगळं फोल्डर, त्यात शब्दयादी, शेजारी त्याची स्वतःची लायसन्स फाइल, मराठी विक्शनरीची लिंक आणि तुम्ही त्यात काय बदल केलेत ती एक ओळ.

काळा_कोट

नुसते शब्द, अर्थ नाहीत, मग त्यावर कॉपीराइट आहे का हाच मुळात प्रश्न आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नुसते कष्ट पुरत नाहीत, थोडी तरी निर्मिती हवी. पण इथे वाद घालण्यापेक्षा लिंक देणं स्वस्त आहे, द्या लिंक.

हापूस_देवगडचा

मुक्ता फॉन्टचं राहिलं की. ओएफएल १.१ म्हणजे फॉन्टसाठीचं मुक्त लायसन्स आहे, कुठल्याही लायसन्सच्या सॉफ्टवेअरबरोबर देता येतो, लायसन्सचा मजकूर बरोबर ठेवा आणि फॉन्ट एकटा विकू नका, बास. त्या फॉन्टमध्ये छापलेल्या पुस्तकाला ओएफएल लागत नाही. काही ओएफएल फॉन्टमध्ये नाव राखीव असतं, म्हणजे अक्षरं बदललीत तर नाव बदलावं लागतं, कमी दिसणाऱ्यांसाठी तुम्ही जाडी किंवा रफार वगैरे बदलणार असाल तर आधी फॉन्टच्या लायसन्स फाइलची पहिली ओळ वाचा.

पाटीपेन्सिल

जोडाक्षरं थोडी सुटी करून बघायचा विचार होताच, वाचतो ती ओळ. पायपीडीएफियम२ लावून पाहिलं, पानं निघतायत. जीपीएल की एजीपीएल ते रविवारच्या मीटिंगला ठरवू, नोकरदारांपैकी एकाने कंपनीत विचारलंय. शेवटचं एक, प्रत्येक फाइलच्या वर एवढा मोठा जीपीएलचा परिच्छेद चिकटवायचा का?

अर्धविराम

नको. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एसपीडीएक्सची (लायसन्सचं ठरलेलं छोटं नाव) एक ओळ आणि कॉपीराइट कोणाचा ती एक ओळ पुरते, पूर्ण मजकूर रेपोत एकदाच. त्या मुलाच्या जुन्या फाइलींवर मात्र एमआयटीचीच ओळ आणि त्याचंच नाव ठेवा, तिथे जीपीएल चिकटवू नका. युरोपच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं रीयूज म्हणून टूल आहे, ते चालवलं की कुठल्या फाइलवर ओळ नाही ते सांगतं, फॉन्ट आणि चित्रांसकट.